सातव्या काचेवरची बाई

माझी आई सव्वीस वर्षं कारखान्यात काचा नापास करायची. लोक म्हणतात, ती काचा पास करायची. ते चूक आहे. चांगल्या काचेला तिचा हातही लागत नसे, ती समोरून सरकून जायची. बुडबुडा दिसला, चरा दिसला, की आई पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल काढायची आणि ती काच परत भट्टीत जायची. गोल डाव्या हाताने काढायची, कारण आई डावखुरी आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

चाळीस वर्षांपूर्वी एके दिवशी तिने लागोपाठ दोनशे दहा काचा नापास केल्या. भट्टी बिघडली होती, काचेकाचेत बुडबुडे होते, आणि तो माल एका शाळेच्या खिडक्यांना जायचा होता. मालक स्वतः खाली आले आणि म्हणाले, गोल पुसा. आईने पुसले नाहीत. दुसऱ्या कुणीतरी ओल्या फडक्याने पुसले आणि माल ट्रकमध्ये चढला. तेव्हा आईने आपलं बसायचं लाकडी स्टूल उचललं, फाटकात नेऊन ट्रकसमोर ठेवलं आणि त्यावर बसली. अख्खी पाळी बसून राहिली. ट्रक गेला नाही, काचा परत भट्टीत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी आईची नोकरी गेली.

कारखान्यात अजून म्हण आहे, ‘फार बोलशील तर स्टूल आणीन.’ म्हणणाऱ्या निम्म्या पोरांना ते स्टूल कुणाचं हे माहीत नाही. माहीत होणार कुठून? कारखान्याने पन्नास वर्षांचं पुस्तक छापलं, त्यात तपासणी खात्याचा फोटो आहे. आई डावीकडे शेवटी उभी होती. फोटो तिथेच कापलाय. कडेला एक कोपर तेवढं उरलंय. ते कोपर आईचं आहे.

मी आरसे आणि फ्रेमचं दुकान चालवते. काच कापते, कडा घासते, उरलेल्या तुकड्यांवर चित्रं काढते. साधी चित्रं नव्हेत. लाकडी खोक्याच्या खाचांत एकामागे एक नऊ काचा, मध्ये बोटभर अंतर, प्रत्येक काचेवर चित्राचा थोडा थोडा भाग. पहिल्या काचेवर जवळचं, नवव्यावर लांबचं. खालून दिवा लावला की सगळं एकत्र येतं आणि चित्राला खोली येते, इतकी की बघणारा हात घालायला बघतो आणि नखं आपटून घेतो. एकेक काच सुटी उचललीत, तर मात्र तिच्यावर ठिपके आणि फराटे यापलीकडे काही दिसत नाही. माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाने माझी चौथी काच बघून विचारलं होतं, ‘ही पुसून द्याल का?’

कारखान्याचे नवे व्यवस्थापक दुकानात आले ते धाकट्या भावाच्या ओळखीने. आमचा धाकटा त्याच कारखान्यात वायरमन आहे. घरात आम्ही त्याला फ्यूज म्हणतो. दाब वाढला की सगळ्यात आधी तोच उडतो. नवीन इमारतीच्या दर्शनी हॉलमध्ये जुन्या भट्टीचं चित्र हवं होतं, दोन हात उंचीचं, काचेवर, कारण कारखाना काचेचा. साहेबांना कल्पना फार आवडली होती, ते ती आपलीच असल्यासारखी सांगत होते.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते फ्यूजला कळलं होतं, म्हणून तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

अडीच महिने मी ते चित्र केलं. भट्टी, धूर, काचांच्या चळती, पिवळी ढकलगाडी, आणि मागे तपासणीच्या टेबलाशी, स्टुलाशेजारी, आई. एकटी सातव्या काचेवर, डोक्यापासून पायापर्यंत. तिथे मी काही उसनं आणलं नाही, आईला रोज बघतच होते. आईला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘मला चित्रात कशाला उभं केलंस? मी काय मेलेय?’

‘मेलेल्यांनाच चित्रात घेतात असं कुठे आहे?’

‘मग जिवंतपणी घेतलंस तर हात तरी बरोबर घे. हा उजवा आहे. उजव्या हाताने मी फक्त जेवते.’

खरंच उजवा होता. तिला समोरून बघत आले आयुष्यभर, आणि आरशातल्यासारखा हात उलटा काढला. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि मी तर आरशांच्या दुकानात बसून ही चूक केली. बदलायचं ठरवलं, पण त्याआधीच साहेब बघायला आले.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि दिवा लावला. साहेब डावीकडून उजवीकडे गेले, उजवीकडून डावीकडे आले. ‘वा! वा! धूर हलतोय!’ म्हणाले. धूर हलत नव्हता, साहेब हलत होते, पण कौतुकात कुणी हिशेब करत नाही. मग ते थांबले.

‘ही कोण?’

‘काच तपासणारी.’

‘शेजारी स्टूल आहे.’

‘दिवसभर उभं राहून पाय दुखतात ना.’

साहेब हसले नाहीत. ते नवे असले तरी कारखान्यात कुठली गोष्ट बोलायची नाही एवढं त्यांना पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं असणार. ‘बाई,’ ते मऊ आवाजात म्हणाले, ‘उद्घाटनाला मालक स्वतः येणार आहेत. त्यांचं वय झालंय. उगाच जुनी खपली काढायला नको. आणि तुमच्या कलेत केवढी सोय आहे बघा! या एकाच काचेवर आहे ना ती?’

असं म्हणत त्यांनी खाचेतून सातवी काच वर ओढली. स्वतःच्या हाताने, दोन बोटं चित्रावर ठेवून. आणि आई गेली. भट्टी होती, धूर होता, चळती होत्या, टेबल होतं. काही कमी वाटत नव्हतं. तिच्या जागी मागचा धूर आपोआप दिसायला लागला, जसं काही तिथे कधी कुणी उभंच नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि खरं सांगते, साहेबांवर कमी, माझ्यावर जास्त. त्यांनी काढली ती काढण्यासारखी मीच ठेवली होती. एका काचेवर, सुटी, कुणीही उचलावं अशी. ज्यांनी फोटो कापला त्यांनासुद्धा कात्री तरी शोधावी लागली होती. मी ती मेहनतही वाचवली होती.

‘ही माझ्याकडे राहू दे,’ साहेब म्हणाले आणि काच वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत ठेवली. ‘तिच्या जागी दुसरी करा. नुसता धूर. आणि हो, आता काचा बसवायच्या आधी मी एकेक तपासून घेईन. कारखान्याचा नियम समजा.’

संध्याकाळी फ्यूज घरी आला. बूटही न काढता म्हणाला, ‘ताई, तुझ्या पाया पडतो. माझ्या नोकरीची दोन वर्षं राहिलीत.’

‘मी काय केलं?’

‘काही करू नकोस एवढंच म्हणतोय.’

आई कोपऱ्यात बसून चष्मा पुसत होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती चष्मा दिवसातून वीस वेळा पुसते, आणि तोही तिरका धरून, उजेडात, चरा शोधत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ती चष्म्याकडे बघतच म्हणाली, ‘त्याला कशाला घाबरवतेस? काढ ना मला. एकदा कारखान्याने काढलं, आता तू काढ. दुसऱ्यांदा कमी लागतं.’

फ्यूज बूट घालून बसलेलाच होता, तसाच निघून गेला. मी रात्रभर जागले बिगले नाही, जेवले आणि झोपले. सकाळी दुकान उघडलं, सातवीच्या जागी नवी काच कापली, उरलेल्या आठ टेबलावर आडव्या मांडल्या, स्पिरिटचा डबा उघडला आणि अडीच महिन्यांचं काम पुसून टाकलं. शेजारचा किल्लीवाला दारात उभा राहून ‘अहो, अहो’ करत होता. मी त्याला म्हटलं, चहा सांगा दोन.

एका काचेवरची बाई काढता येते. नऊ काचांवरची कशी काढणार?

पुढचे सात आठवडे मी आईला वाटून टाकलं. पहिल्या काचेवर स्टुलाचा एक पाय आणि चपलेची दोन बोटं, बाजूच्या कठड्याच्या गजांमध्ये. दुसऱ्यावर ॲप्रनची कड. तिसऱ्यावर डावा हात आणि त्यातली पेन्सिल, पिवळ्या ढकलगाडीला लागून, म्हणजे पेन्सिलीचा पिवळा गाडीच्या पिवळ्यात मिसळेल. चौथ्यावर ॲप्रनचा निळा, काचांच्या चळतीत. पाचव्यावर अर्धा गाल आणि हनुवटी, भट्टीच्या उजेडाच्याच रंगाची. सहाव्यावर डोळे, दोन ठिणग्यांएवढे. सातव्यावर अंबाडा, धुराच्या लोटात. आठव्यावर पाठ. नवव्यावर भिंत, आणि भिंतीवर तिची सावली.

ऐकायला सोपं आहे. करताना एक डोळा मिटून, टेबलावर केलेल्या खुणेवर हनुवटी टेकवून, एकेक ठिपका जागेवर आणायचा. एक ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा चुकला की आईचं नाक कानाकडे जायचं. तीन वेळा सहावी काच पुसली. भट्टीचा उजेड आणि आईचा गाल एकच ठेवला होता, मुद्दाम. गाल काढायचा तर भट्टी विझणार. पेन्सिल काढायची तर गाडी मोडणार. अशी मी तिला कारखान्यात शिवून टाकली.

आई मधूनमधून दुकानात यायची आणि तिरकी उभी राहून बघायची. चांगलं म्हणायची नाही. ‘ॲप्रनला खिसा होता.’ ‘स्टुलाचा एक पाय आखूड होता, मी खाली पुठ्ठा घालायचे.’ मी पुठ्ठा घातला. एकदा तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘फ्यूजला माहीत आहे?’

‘नाही.’

‘सांगू नकोस. पोटात ठेवायला त्याच्या पोटात जागाच नाही.’

उद्घाटनाच्या सकाळी मी नऊ काचा कांबळ्यात गुंडाळून टेंपोने कारखान्यात नेल्या. साहेबांनी हॉलमध्ये लांब टेबल लावून घेतलं होतं, वर पांढरा कागद, शेजारी कारकून. कारखान्यात काच उजेडात तिरकी धरून तपासतात हे फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही माहीत आहे. साहेब ऑफिसातून आलेले, त्यांनी फाईल तपासावी तशा काचा तपासल्या. एक काच आडवी, वरून बघायची, सही करायची, पुढची.

‘यावर काय आहे?’

‘कठडा.’

‘यावर?’

‘ढकलगाडी.’

‘यावर तर काहीच कळत नाही.’

‘उजेड आहे.’

सातव्या काचेशी ते थांबले. चष्मा वर केला, खाली वाकले. ‘या काचेवर बाई आहे का?’

‘नाही,’ मी म्हटलं. खोटं बोलले नाही. अंबाडा होता. अंबाडा म्हणजे बाई नव्हे.

साहेबांनी न पुसल्या जाणाऱ्या शाईने उजव्या कोपऱ्यात सही केली. नऊ काचा, नऊ सह्या, प्रत्येकीखाली ‘मंजूर’. मग ते मालकांना आणायला गेले आणि मी पडद्यामागे काचा खाचेत सोडायला लागले. फ्यूज खाली दिव्याच्या वायरी जोडत होता. आठवी गेली, सहावी गेली, चौथी गेली. शेवटची पहिली बसवली तेव्हा तो उठून उभा राहिला, हात पुसला आणि समोर बघितलं. दिवा लागलेला नव्हता, तरी त्याला दिसली. आपली आई माणसाला अंधारातही दिसते.

‘ताई,’ तो एवढंच म्हणाला.

‘तुला आधी सांगितलं असतं तर तू उडाला असतास.’

‘आत्ता उडालो तर?’

‘तर स्विच तुझ्याकडेच आहे,’ मी म्हटलं. रागावून म्हटलं, पण मलाही त्या क्षणी त्याची दया आली. त्याची खरंच दोनच वर्षं राहिली होती. तो भिंतीकडे स्विचपाशी जाऊन उभा राहिला.

हॉल भरला. पुढे पाहुणे, मागे कामगार, दारात तपासणी खात्याच्या बाया ॲप्रनवरच आलेल्या. आई चांगले कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. साहेबांनी तिला नमस्कारही केला, चित्रकर्तीची आई म्हणून. मालक काठी टेकत आले. भाषण झालं, त्यात ‘पारदर्शक’ हा शब्द चार वेळा आला. मग साहेबांनी पडदा ओढला आणि फ्यूजने दिवा लावला.

धूर उठला, भट्टी पेटली, आणि भट्टीसमोर आई उभी राहिली. खिसा असलेला ॲप्रन, डाव्या हातात पिवळी पेन्सिल, शेजारी पुठ्ठा लावलेलं स्टूल. तुकडे करून कारखान्यात लपवलेली बाई अख्खी होऊन बाहेर आली होती.

मागून एक म्हातारा कामगार मोठ्याने म्हणाला, ‘अरे, ही तर स्टूलवाली!’ आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

साहेब भिंतीकडे धावले. ‘दिवा बंद कर.’

फ्यूजने स्विचवर हात ठेवलेलाच होता. साहेब ओरडले, ‘बंद कर म्हणतोय ना!’

‘नाही करत, साहेब,’ फ्यूज म्हणाला. मग जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘ती माझी आई आहे.’

आमचा फ्यूज त्या दिवशी उडाला नाही.

साहेब परत चित्राकडे आले आणि त्यांनी सातवी काच वर ओढली. सवयच झाली होती त्यांना. अंबाडा गेला आणि केस मोकळे सोडल्यासारखे दिसले, आई तिथेच. त्यांनी पाचवी ओढली. भट्टी विझली. विझलेल्या भट्टीसमोर आई डोळे वटारून उभी. तपासणी खात्याच्या बाया हसायला लागल्या, आणि हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं.

‘सगळ्या काढा की,’ मी म्हटलं. ‘नऊ काढल्या की जाते ती. मग रिकामं खोकं तेवढं राहील हॉलमध्ये.’

मालक काठीवर वाकून चित्राजवळ गेले. त्यांनी आईकडे पाहिलं नाही, खाली उजव्या कोपऱ्यात पाहिलं. नऊ सह्या एकामागे एक, आत आत जात, चांगल्या हातभर खोल दिसत होत्या. ‘ही सही कोणाची आहे?’ त्यांनी विचारलं. साहेबांच्या हातात दोन काचा होत्या, त्यांना घामही पुसता येईना. त्यांनी त्या परत खाचेत सोडल्या. भट्टी पुन्हा पेटली.

तेवढ्यात आई उठली.

ती मालकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. चाळीस वर्षांनी दोघं एका काचेसमोर होते. मालकांनी तिला ओळखलं, चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी नमस्कार केला नाही, तिनेही केला नाही. तिने चष्मा सारखा केला आणि तिरकी वळून चित्र बघायला लागली, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, घाई न करता. कामगारांना ते बघणं ठाऊक होतं. मी इतकी कधी घाबरले नव्हते. साहेबांना नाही घाबरले, मालकांना नाही, तिला घाबरले.

आईने पर्स उघडली आणि पिवळी मेणाची पेन्सिल काढली. ती तिने चाळीस वर्षं जपली होती हे मलाही माहीत नव्हतं. डावा हात वर गेला, चित्रावरून हळू खाली आला आणि उजव्या कोपऱ्यात थांबला. साहेबांच्या सहीभोवती तिने एक गोल काढला. नीट, पुरा, टोकाला टोक जुळवून.

‘एवढा डाग आहे,’ ती म्हणाली. ‘बाकी माल पास.’

हे झालं त्याला वर्ष होऊन गेलं. फ्यूजला मागच्या गोदामात टाकलंय. तिथे काम कमी आहे आणि आताशा घरी येऊन तो मोठ्याने बोलतो. चित्र हॉलमध्येच आहे. एवढ्या लोकांदेखत ते खाली उतरवायची हिंमत कुणाला झाली नाही, आणि नंतर ज्याला झाली असती त्याला नऊ सह्यांचा जाब द्यावा लागला असता. मी महिन्यातून एकदा काचा पुसायला जाते. पहिल्या काचेवरचा पिवळा गोल मेणाचा आहे, ओल्या फडक्याच्या एका हाताने निघतो. तिथे रोज झाडू-फडकं होतं, शंभर माणसं जातात येतात. अजून कुणी पुसलेला नाही.